एका स्टुडिओतलं गाणं दुसऱ्या स्टुडिओत उघडल्यावर ट्रॅक का सरकतात? नेहमीची अडचण आणि तिचा कायमचा उपाय

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी आरत्यांची रेकॉर्डिंग सुरू झाली की ही अडचण हमखास डोकं वर काढते. फोंड्यात रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरवर घुमट, शामेळ (दोन्ही गोव्याची चर्मवाद्यं) आणि कांसाळे (झांज) घेतले. म्हापशात क्यूबेस या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर हार्मोनियम आणि कोरस चढला. मिक्सिंग मडगावात लॉजिक या तिसऱ्या सॉफ्टवेअरवर व्हायचं आहे. तिथे फोल्डर उघडला की घुमट एकीकडे आणि कोरस दुसरीकडे. मग माउसने ओढाओढ आणि कानाने जुळवाजुळव करण्यात रात्र जाते, आणि एवढं करूनही तिसऱ्या कडव्यात पुन्हा फरक ऐकू येतो.

प्रोजेक्ट फाइलमध्ये बहुतेक वेळा आवाज नसतोच. कुठली क्लिप कुठे ठेवायची, कुठे कापायची, किती मोठ्याने वाजवायची, कुठला प्लगिन (इफेक्ट किंवा वाद्याचा जोड-प्रोग्राम) लावायचा, एवढ्याच सूचना असतात, आणि त्या ज्याच्या त्या सॉफ्टवेअरलाच कळतात. रीपरची प्रोजेक्ट फाइल क्यूबेस उघडत नाही, क्यूबेसची लॉजिक उघडत नाही. म्हणून दुसऱ्या स्टुडिओला प्रोजेक्ट पाठवून काम भागत नाही. दोन्हीकडे वाचता येईल असं काहीतरी पाठवावं लागतं, आणि ते काय असेल हे पहिला टेक घेण्याआधीच ठरवावं लागतं.

आमचं स्पष्ट मत असं : एकत्र काम करणाऱ्या स्टुडिओंनी दोन गोष्टी कायमच्या ठरवून टाकाव्यात. पहिली, शून्यापासून सुरू होणाऱ्या वेव्ह फाइली आणि टेम्पोची मिडी फाइल (आवाज नव्हे, स्वर आणि टेम्पो आकड्यांत नेणारी), हा संच प्रत्येक वेळी जाणारच, मग समोर कुठलंही सॉफ्टवेअर असो. दुसरी, दोन्हीकडची सॉफ्टवेअर डॉप्रोजेक्ट (एका सॉफ्टवेअरमधलं काम दुसऱ्यात नेणारा खुला फॉरमॅट) वाचत असतील तर तेही सोबत जाईल. पण या दुसऱ्याच्या भरवशावर पहिली गोष्ट सोडायची नाही.

आता बिघडलेलं काम समोर असेल तर आधी त्याचं निदान करू.

फरक कसा वाढतो ते आधी बघा

क्लिप ओढायला हात लावण्यापूर्वी गाण्याच्या तीन जागा ऐका : अगदी सुरुवात, मध्य आणि शेवट. एखाद्या ठळक ठोक्यावर दोन्ही ट्रॅक मोठे करून बघा आणि फरक मिलिसेकंदात लिहून ठेवा. या तीन आकड्यांवरून कारण जवळजवळ नेमकं कळतं.

तिन्ही ठिकाणी फरक सारखाच असेल तर फाइल सुरुवातीलाच चुकीच्या जागी बसली आहे. फरक एकसारखा वाढत जात असेल आणि पट्टीही बदललेली असेल तर सॅम्पल रेटची (आवाज सेकंदाला किती वेळा मोजला त्या आकड्याची) गडबड आहे. फरक वाढतो पण पट्टी शाबूत आहे, तर टेम्पो, वार्प (ऑडिओ टेम्पोला ताणून बसवणं) किंवा रेकॉर्डरचं घड्याळ तपासा. आणि एका ठिकाणापर्यंत सगळं बरोबर असून तिथून पुढे एकदम उडी असेल, तर टेम्पोतला बदल पोचलेला नाही किंवा मधली क्लिप निसटली आहे.

फरक सगळीकडे सारखा

सगळ्यात जास्त वेळा दिसणारा प्रकार हाच. कारण बहुधा असं : गायकाचा ट्रॅक दुसऱ्या कडव्यापासून सुरू होतो, पाठवणाऱ्याने तेवढीच क्लिप एक्स्पोर्ट केली, आणि समोरच्याने ती टाइमलाइनच्या सुरुवातीला टाकली. क्लिपची मूळ जागा कुणालाच सांगितलेली नव्हती.

उपाय : प्रत्येक ट्रॅक प्रोजेक्टच्या एकाच बिंदूपासून गाण्याच्या शेवटापर्यंत सलग बाहेर काढा. मध्ये चार मिनिटं शांतता असली तरी चालेल. सगळ्या फाइलींची लांबी अगदी सारखी आली पाहिजे. ती सारखी नसेल तर एक्स्पोर्ट चुकला आहे, तो पाठवूच नका.

रीपरमध्ये फाइल मेनूत कन्सॉलिडेट-एक्स्पोर्ट ट्रॅक्स हा पर्याय आहे. तिथे संपूर्ण प्रोजेक्टची लांबी निवडा. प्रो टूल्समध्ये शून्यापासून शेवटापर्यंत निवड करून एडिट मेनूतलं कन्सॉलिडेट वापरा. लॉजिकमध्ये सगळे ट्रॅक ऑडिओ फाइल म्हणून एक्स्पोर्ट करता येतात. तिथे नॉर्मलाइझ बंद ठेवा, आणि कोरे ट्रॅक पाठवायचे असतील तर इफेक्ट बायपास करणारी खूण करा. एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरमध्ये एक्स्पोर्टच्या खिडकीत सगळे वेगवेगळे ट्रॅक निवडायचे आणि सुरुवातीचा बिंदू स्वतः तपासायचा, कारण तिथे नेमकी निवडलेली लांबीच बाहेर पडते.

दुसरं कारण काउंट-इन, म्हणजे गाण्याआधी मोजण्यासाठी सोडलेले बार. एकाने गाणं पहिल्या बारपासून सुरू केलं, दुसऱ्याने दोन बार मोकळे सोडले. ९० टेम्पोला चार मात्रांचे दोन बार म्हणजे ५.३३ सेकंद. फरक नेमका एक-दोन बारचा येत असेल तर दुसरीकडे शोधायची गरज नाही. गाणं तिसऱ्या बारवर सुरू करायचं असं एकदाच ठरवा. त्याआधी दोन बार मोकळे असले की पहिल्या अक्षराआधीचा गायकाचा श्वास किंवा सम गाठण्याआधीची घुमटाची उठाण कापली जात नाही.

तिसरं कारण एमपी३. गायकाला सरावासाठी एमपी३ पाठवला, त्याने त्याच फाइलवर आवाज रेकॉर्ड केला आणि आवाजाची वेव्ह परत पाठवली. एमपी३ करताना आणि उलगडताना फाइलच्या सुरुवातीला थोडी शांतता भरली जाते. नेहमीच्या लेम एन्कोडरमध्ये दोन्ही मिळून ती सुमारे ११०० सॅम्पल असते, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झला साधारण २५ मिलिसेकंद. काही सॉफ्टवेअर ती आपोआप काढतात, काही काढत नाहीत. त्यामुळे गायक जरा मागे ओढतोय असं वाटत राहतं आणि दोष त्या बिचाऱ्या गायकाला लागतो. सरावाची फाइलसुद्धा वेव्हच पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून जाणार असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

फरक ५ ते १५ मिलिसेकंदांचा आणि कायम तेवढाच असेल तर रेकॉर्डिंगच्या वेळची लेटन्सी (आवाज कॉम्प्युटरमधून ये-जा करताना होणारा उशीर) भरून निघालेली नाही. ज्या मशीनवर रेकॉर्डिंग झालं तिथे इंटरफेसचं (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या यंत्राचं) आउटपुट केबलने इनपुटला जोडून क्लिक रेकॉर्ड करा, मूळ क्लिकपेक्षा तो किती सॅम्पल उशिरा येतो ते मोजा आणि तो आकडा सॉफ्टवेअरच्या रेकॉर्डिंग ऑफसेटमध्ये भरा. ४८ किलोहर्ट्झला २४० सॅम्पल म्हणजे ५ मिलिसेकंद.

फरक वाढतो आणि पट्टीही बदलते

४८ किलोहर्ट्झची फाइल ४४.१ समजून वाजवली गेली की ती सुमारे ८.१ टक्के हळू चालते आणि जवळपास दीड स्वराने उतरते. इथे स्वर म्हणजे बारापैकी एक, अर्धांतर. काळी ४ मध्ये बसवलेली आरती पांढरी ५ आणि काळी ३ यांच्या मधोमध कुठेतरी ऐकू येते आणि ४ मिनिटांचं गाणं ४ मिनिटं २१ सेकंदांचं होतं. उलट झालं, म्हणजे ४४.१ ची फाइल ४८ समजून वाजली, तर तीच आरती पांढरी ६ आणि काळी ५ यांच्या मध्ये चढते आणि ३ मिनिटं ४० सेकंदांत संपते. हे आकडे पाठ असले की निदानाला एक मिनिटही लागत नाही.

ही चूक बहुधा आयात करतानाच्या एका प्रश्नात असते. क्यूबेस आणि प्रो टूल्स दोघेही फाइलचा रेट वेगळा असेल तर बदलून घेऊ का असं विचारतात. घाईत नको म्हटलं की फाइल तशीच आत येते आणि चुकीच्या वेगाने वाजते. ती काढून टाका आणि रूपांतर करून पुन्हा आयात करा. चुकीच्या वेगाची फाइल ताणून बरोबर करत बसू नका, त्यात आवाजाची वाट लागते. लॉजिकमध्ये आयातीच्या वेळी सॅम्पल रेट बदलून घेण्याचं सेटिंग प्रोजेक्ट सेटिंगच्या अ‍ॅसेट्स भागात असतं. ते चालू आहे याची खात्री करा.

एकच ट्रॅक नव्हे तर अख्खा प्रोजेक्ट बेसूर वाटत असेल तर फाइलींना दोष देऊ नका. इंटरफेस बाहेरच्या डिजिटल घड्याळावर अडकलेला असतो, किंवा दुसऱ्या प्रोग्रामने त्याचा रेट बदललेला असतो.

पाठवलेली फाइल नेमकी किती रेटची आहे हे सॉफ्टवेअर न उघडताही कळतं. मॅकवर गेट इन्फोमध्ये रेट थेट दिसतो. विंडोजवर प्रॉपर्टीजच्या डिटेल्समध्ये बिट रेट दिसतो, त्यावरून ओळखायचं : २४ बिट मोनो फाइल ४८ ची असेल तर ११५२, ४४.१ ची असेल तर १०५८. स्टिरिओला त्याच्या दुप्पट, म्हणजे २३०४ आणि २११६. १४११ दिसलं तर ती सीडीच्या दर्जाची १६ बिट, ४४.१ ची स्टिरिओ फाइल आहे, आणि ती कुठून आली हे पाठवणाऱ्याला विचारायलाच हवं.

नवं काम ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटला सुरू करा. व्हिडिओ, नाटकाचं पार्श्वसंगीत, चित्रपट, सगळीकडे ४८ चालतं. पण एखादं गाणं ४४.१ ला सुरू झालं असेल तर ते शेवटपर्यंत ४४.१ लाच राहू द्या. मधल्या स्टुडिओने आपल्या सोयीने रेट बदलणं हे या सगळ्या गोंधळाचं फार मोठं मूळ आहे.

फरक वाढतो, पट्टी ठीक

इथे तीन संशयित असतात.

पहिला, टेम्पोचा दशांश. मूळ प्रोजेक्टचा टेम्पो ८९.९७ होता, फोनवर सांगताना ९० सांगितला. ४ मिनिटांत हा फरक ८० मिलिसेकंदांचा होतो. वेव्ह फाइली एकमेकींशी नीट जुळतात, पण समोरच्याने ९० च्या क्लिकवर वाजवलेला कीबोर्ड किंवा प्रोग्राम केलेला ताल हळूहळू सुटत जातो. म्हणून टेम्पो तोंडी सांगू नये, मिडी फाइलमध्ये पाठवावा. मिडी फाइलमध्ये टेम्पो हा एका मात्रेचे मायक्रोसेकंद म्हणून लिहिलेला असतो. १२० चा टेम्पो म्हणजे ५,००,०००. त्यामुळे दशांश आणि मधले बदल दोन्ही सुखरूप पोचतात. रीपरमध्ये मिडी एक्स्पोर्ट करताना टेम्पो मॅप आत घालण्याची खूण करा. आयात करणाऱ्याने टेम्पो घेऊ का या प्रश्नाला हो म्हणायचं, आणि ऑडिओ आणण्याच्या आधी म्हणायचं.

हा क्रम महत्त्वाचा आहे. रीपरमध्ये नेहमीच्या सेटिंगला ऑडिओ क्लिप मात्रांना बांधलेल्या असतात. ऑडिओ आधी टाकून नंतर टेम्पो बदलला की क्लिप ताणल्या जातात. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये टाइमबेस वेळेवर ठेवा, आधी टेम्पो आणा, मग ऑडिओ.

दुसरा संशयित लाइव्हचा ऑटो-वार्प. लांब फाइल आत आली की तो स्वतःच टेम्पोचा अंदाज करतो आणि ऑडिओ त्या अंदाजाला ताणतो. घुमटासारख्या वाद्यावर हा अंदाज हटकून चुकतो, कारण दायां-बायां बोलांचे ठोके समान अंतरावर नसतात. सेटिंगमध्ये लांब सॅम्पलचा ऑटो-वार्प बंद करा आणि आधीच आत आलेल्या प्रत्येक क्लिपवरचं वार्पचं बटण बंद करा. तेवढ्याने बरेचसे सरकलेले ट्रॅक जागेवर येतात.

तिसरा संशयित रेकॉर्डरचं घड्याळ. जत्रेतलं नाटक, तियात्र किंवा भजनी सप्ताह यांचं थेट रेकॉर्डिंग मिक्सरवरून लॅपटॉपवर आणि शिवाय एका वेगळ्या हातातल्या रेकॉर्डरवर घेतलेलं असतं. दोन्ही ४८ ला असले तरी दोघांचे ४८ अगदी सारखे नसतात. दहा लाखात २० एवढा फरक असला तरी तासाला ७२ मिलिसेकंद होतात. दोन तासांच्या नाटकात शेवटी टाळ्या दुहेरी ऐकू येतात. इलाज : सुरुवातीला आणि शेवटी एकेक टाळी वाजवून ठेवा. नंतर दोन्ही फाइलींत या टाळ्यांमधलं अंतर मोजा, एकाला दुसऱ्याने भागा आणि छोट्या फाइलचा वेग तेवढ्याने बदला. पट्टी जपणारा टाइम-स्ट्रेच इथे वापरू नका. एवढ्या सूक्ष्म फरकात पट्टी कानाला बदललेली कळतच नाही, पण स्ट्रेच मात्र झांजेचा आवाज खरखरीत करतो. रीपरमध्ये क्लिपच्या प्रॉपर्टीजमध्ये पट्टी जपण्याची खूण काढून प्लेबॅक रेट बदलायचा.

लय वाढत जाणारं संगीत

घुमट आरतीची लय सुरुवातीला संथ असते आणि शेवटाकडे चढत जाते. भजनाच्या गजराचंही तसंच. ती लय क्लिकवर बसवण्याचा हट्ट आम्हाला मान्य नाही. चढती लय हाच त्या गाण्याचा प्राण आहे, आणि फाइलींच्या सोयीसाठी तो घालवण्यात अर्थ नाही.

अशा रेकॉर्डिंगला टेम्पो मॅपची गरजच नसते. सगळ्या स्टुडिओंनी प्रोजेक्टचा टेम्पो १२० वर स्थिर ठेवायचा आणि बार-मात्रांकडे न बघता मिनिट-सेकंदांच्या पट्टीवर काम करायचं. १२० ला एक मात्रा म्हणजे अर्धा सेकंद, त्यामुळे ग्रिडही वाचायला सोपी जाते. क्यूबेसमध्ये ट्रॅकचा टाइमबेस म्युझिकलऐवजी लिनियर करा. नंतर कुणाला कीबोर्ड किंवा प्रोग्राम केलेला ताल जोडायचा असेल तर एकाच स्टुडिओने ठेक्यावरून टेम्पो मॅप बनवावा आणि त्याची मिडी फाइल सगळ्यांना द्यावी. दोन जणांनी दोन मॅप बनवले की ते कधीच जुळत नाहीत.

डॉप्रोजेक्ट : काय नेतं, काय नेत नाही

बिटविग आणि प्रिसोनस यांनी २०२३ मध्ये हा खुला फॉरमॅट पुढे आणला. त्याचा परवाना एमआयटी आहे, म्हणजे कुठल्याही कंपनीला तो विनामूल्य वापरता येतो. बिटविग स्टुडिओ ५.०.९, स्टुडिओ वन ६.५ आणि क्यूबेस १४ पासून तो थेट वाचता-लिहिता येतो. रीपरसाठी वेगळा मोफत कन्व्हर्टर मिळतो. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये सोय आहे का, हे इम्पोर्ट आणि एक्स्पोर्टचे मेनू उघडून बघा.

यातून ट्रॅक, ग्रुप, क्लिप आणि त्यांचे फेड, मिडीचे स्वर, टेम्पो आणि तालाचे बदल, मार्कर, फेडर, पॅन, सेंड, ऑटोमेशन आणि प्लगिनची सेटिंग हे सगळं जाऊ शकतं. वेव्हच्या संचाने यातलं बरंचसं नेता येत नाही, म्हणून हा फॉरमॅट स्टुडिओंनी स्वीकारावा असं आम्ही मनापासून सांगतो. पण तो कुठल्याही सॉफ्टवेअरच्या मूळ प्रोजेक्टची जागा घेण्यासाठी बनवलेला नाही. खिडक्यांची मांडणी आणि पसंतीची सेटिंग त्यात नसतात. एका सॉफ्टवेअरचा स्वतःचा खास इफेक्ट दुसऱ्यात नसेल तर तो उघडणार नाही. टाइम-स्ट्रेचच्या खुणा जातात, पण ताणण्याची पद्धत दोन्हीकडे वेगळी असल्याने आवाज वेगळा येतो. म्हणून ताणलेल्या क्लिप आधी रेंडर करून पक्क्या करा. टेकचे थर असतील तर निवडलेला टेक सपाट करून घ्या.

पाठवण्याआधी तपासणी अशी : फाइलची एक प्रत काढा, तिचं एक्स्टेन्शन बदलून झिप करा आणि उघडा. आत एक प्रोजेक्टची आणि एक माहितीची अशा दोन एक्सएमएल फाइली दिसतील, आणि ऑडिओ असेल तर तोही. आता आकार बघा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ मोनोला एका मिनिटाला ८.६४ एमबी लागतात. ५ मिनिटांचे २० मोनो ट्रॅक म्हणजे सुमारे ८६४ एमबी. इतक्या मोठ्या गाण्याची फाइल काही केबींची निघाली तर ऑडिओ आत नाही, फक्त तुमच्या डिस्कवरचा पत्ता आत आहे. समोर सगळ्या क्लिप कोऱ्या दिसतात त्या याच कारणाने. एक्स्पोर्टच्या खिडकीत ऑडिओ आत घालण्याचा पर्याय शोधा, किंवा आधी सगळा ऑडिओ प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये गोळा करून मग एक्स्पोर्ट करा.

समोरच्याकडे हा फॉरमॅट चालत नसेल तर झिपमधून नुसता ऑडिओ काढून द्यावा असा मोह होतो. तसं करू नका. आतल्या फाइली कापलेल्या क्लिपच्या असतात आणि त्यांच्या जागा फक्त एक्सएमएलमध्ये लिहिलेल्या असतात. त्या टाइमलाइनवर टाकल्या की पहिलीच अडचण पुन्हा उभी राहते.

प्लगिन उघडत नाही, वाद्य मुकं आहे

मॅकवरचा ऑडिओ युनिट प्लगिन विंडोजवर उघडणार नाही. तोच प्लगिन व्हीएसटी२ आणि व्हीएसटी३ अशा दोन रूपांत असेल तर सॉफ्टवेअर त्यांना दोन वेगळे प्लगिन समजतं. म्हणून एकत्र काम करायचं असेल तर व्हीएसटी३ वापरा आणि आवृत्तीचा आकडा लिहून द्या. तबल्याच्या सॅम्पल लायब्ररीचं सेटिंग पोचलं तरी सॅम्पल पोचत नाहीत. समोर ती लायब्ररी नसेल तर ट्रॅक मुकाच राहणार. प्रत्येक सॉफ्टवेअर वाद्याचा ट्रॅक ऑडिओ करून पाठवा आणि मिडी त्याच्या जोडीला द्या.

मिडीत आणखी दोन गोष्टी नेहमी फसवतात. मधला सी (पांढरी १), म्हणजे ६० क्रमांकाचा स्वर, क्यूबेस आणि लॉजिकमध्ये सी३ दिसतो, रीपरमध्ये सी४ आणि एफएल स्टुडिओत सी५. दिसायला सप्तक बदललं तरी आवाज तोच असतो, म्हणून स्वर उचलून हलवू नका, आधी ऐका. दुसरी गोष्ट मींड. कीबोर्डवर पिच बेंडने काढलेली मींड आकड्यात जाते, पण तो आकडा किती स्वरांचा हे समोरचं वाद्य ठरवतं. तुमच्याकडे बेंडची मर्यादा १२ स्वरांची आणि समोर २ ची असेल तर सा ते पंचमाची मींड सव्वा स्वरसुद्धा चढत नाही. बेंडची मर्यादा कागदावर लिहा.

आवाजाचा तोल बदलतो

ट्रॅक जागेवर आहेत, पण मुख्य गायक अचानक पुढे किंवा मागे गेला आहे, तर पॅन लॉ (आवाज मध्यावर असताना तो किती कमी करायचा याचा नियम) बघा. मध्यावरच्या मोनो ट्रॅकला काही सॉफ्टवेअर ३ डेसिबलने खाली घेतात, काही घेत नाहीत. रीपर नेहमीच्या सेटिंगला काहीच कमी करत नाही, प्रो टूल्स ३ डेसिबल करतो. दोन्हीकडे सारखं सेटिंग ठेवा. मोनो माइकचा ट्रॅक मोनोच पाठवा, त्याला स्टिरिओ करण्याने फक्त आकार दुप्पट होतो.

फाटलेला आवाज येत असेल तर मूळ प्रोजेक्टमध्ये तो ट्रॅक शून्य डेसिबलच्या वर जात होता. २४ बिटमध्ये काढताना तेवढा भाग कापला जातो, ३२ बिट फ्लोटमध्ये शाबूत राहतो आणि नंतर फेडर खाली घेऊन वापरता येतो. शंका असेल तर ३२ बिट फ्लोटच काढा. मिनिटाला ११.५२ एमबी लागतील, त्याची काळजी करू नका.

चित्राबरोबरचं काम

लघुपट किंवा माहितीपटाचा संवाद एडिटरकडून येतो तेव्हा एएएफ (एडिटिंगची टाइमलाइन दुसऱ्या सॉफ्टवेअरला देणारा फॉरमॅट) वापरा. क्लिपच्या जागा, फेड आणि आवाजाची पातळी त्यात नीट येते. मिडी आणि प्लगिनची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नका. ऑडिओ आत घालून आणि क्लिपच्या दोन्ही टोकांना जास्तीची २ ते ५ सेकंदं ठेवून मागा, नाहीतर संवादाचे फेड लांबवता येत नाहीत. त्याच कामाच्या जुन्या ओएमएफ फॉरमॅटला २ जीबीची मर्यादा आहे, ते शक्यतो टाळा. फ्रेम रेट आधी विचारा. २४ आणि २३.९७६ यांची गल्लत झाली तर तासाला ३.६ सेकंदांचा फरक पडतो. रीपर एएएफ थेट वाचत नाही, अशा वेळी एडिटरकडून प्रत्येक ट्रॅकची सलग वेव्ह मागून घ्या.

नावं, पेनड्राइव्ह आणि झिप

ट्रॅकची नावं रोमन लिपीत, फक्त अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ वापरून ठेवा. मॅकवर देवनागरीत दिलेलं नाव विंडोजच्या झिपमध्ये कधी कधी चौकटी होऊन येतं आणि फाइल सापडत नाही. नावात तिरकी रेघ, प्रश्नचिन्ह किंवा विसर्गासारखे दोन टिंब असतील तर विंडोज ती फाइल उतरवूनच घेत नाही. नावाच्या आधी दोन आकडी क्रमांक द्या, म्हणजे घुमट, शामेळ, कांसाळे सगळीकडे एकाच क्रमाने लागतील.

लॉजिकचा प्रोजेक्ट मॅकवर एक फाइल दिसतो, पण तो खरा फोल्डर असतो. तो झिप न करता पेनड्राइव्हवर विंडोजमधून फिरवला की आतले तुकडे हरवतात. जुन्या फॅट३२ पेनड्राइव्हवर ४ जीबीहून मोठी फाइल जात नाही, एक्सफॅट करून घ्या. साध्या वेव्ह फाइलचीही मर्यादा ४ जीबीच आहे. २४ बिट, ४८ ची स्टिरिओ फाइल ४ तास ८ मिनिटं चालते, पण ९६ किलोहर्ट्झ आणि ३२ बिट फ्लोटला दीड तासाच्या थोड्या पुढेच संपते. रात्रभर चालणाऱ्या नाटकाचं रेकॉर्डिंग करताना आरएफ६४ (४ जीबीहून मोठी होऊ शकणारी वेव्ह) निवडा किंवा मध्यंतराला फाइल बदला.

सोबत द्यायचा कागद आणि शेवटची चाचणी

फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा. तीत सॅम्पल रेट, बिट, टेम्पो दशांशासह किंवा मुक्त लय, गाणं कुठल्या बारवर सुरू होतं, एकूण लांबी, ट्रॅकची संख्या, पट्टी, हार्मोनियम ४४० वर आहे की वेगळ्या सुरावर, पिच बेंडची मर्यादा आणि प्लगिनची नावं लिहा. क्लिकवर रेकॉर्ड केलेलं गाणं असेल तर अख्ख्या गाण्याचा क्लिकसुद्धा वेव्ह करून द्या. समोरचा तो आपल्या मेट्रोनोमबरोबर वाजवून टेम्पो बरोबर आला की नाही हे लगेच ओळखतो.

पाठवण्याआधीची चाचणी रिकाम्या प्रोजेक्टमध्ये करा. मूळ प्रोजेक्टच्या मास्टरवरचे सगळे इफेक्ट बंद करून पूर्ण गाण्याचा एक मिक्स काढा. त्याच वेळी ट्रॅकही फेडर, पॅन आणि इफेक्टसह स्टिरिओत काढा. नव्या प्रोजेक्टमध्ये सगळे ट्रॅक शून्य डेसिबलवर ठेवा, शेजारी तो मिक्स ठेवा आणि मिक्सचा फेज उलटा करा, म्हणजे सारखे आवाज एकमेकांना खोडून टाकतील. सगळं बरोबर असेल तर काहीच ऐकू येत नाही. एखादं वाद्य ऐकू आलं तर तोच ट्रॅक चुकला आहे. एकट्या रिव्हर्बची कुजबुज उरली तर त्या प्लगिनमध्ये दर वेळी थोडं बदलणारं मॉड्युलेशन आहे, ती चूक नव्हे. ही चाचणी झाल्यावर कोरे, इफेक्टशिवायचे ट्रॅक त्याच सुरुवातीपासून आणि त्याच लांबीत पुन्हा काढा, आणि दोन्ही संच वेगवेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून पाठवा. मिक्सिंग करणारा कोरे ट्रॅक वापरेल, आणि मूळ आवाज कसा हवा होता हे दुसऱ्या संचावरून ऐकेल.

समोरून काम परत येताना फक्त नवे ट्रॅक मागा, तेही त्याच शून्यापासून. जुने ट्रॅक पुन्हा आले की कुठला घुमट खरा हे शोधत बसावं लागतं.